श्वास कोण घेतं?

मित्रहो, आज एक साधा प्रश्न घेऊन आलोय. गेली पाच मिनिटं तुम्ही इथे बसला आहात. एवढ्या वेळात तुमचा श्वास कोण घेत होतं? ‘मीच’ म्हणाल, तर खरं सांगा, मी विचारेपर्यंत तुमचं तिकडे लक्ष तरी होतं का?

हृदयाला स्वतःची लय असते. मेंदूकडून येणाऱ्या नसा तोडल्या तरी ते धडधडत राहतं. फुफ्फुसांचं तसं नाही. फासळ्यांमधले स्नायू आणि खालचा पडदा, म्हणजे श्वासपटल, हुकूम आल्याशिवाय हलत नाहीत. हा हुकूम निघतो मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला असलेल्या लंबमज्जेतून. १९९१ साली जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी नवजात उंदरांच्या मेंदूत ही लय निर्माण करणारा पेशींचा छोटा पुंजका दाखवून दिला.

आता तुम्ही म्हणाल, मी ठरवून श्वास रोखतो, त्याचं काय? बरोबर. बोलताना, गाताना, प्राणायाम करताना वरचा मेंदू सूत्रं हातात घेतो. पण थोड्याच वेळात जीव घुसमटतो आणि सूत्रं परत जातात.

ही घुसमट कशामुळे? आपल्याला वाटतं, ऑक्सिजन संपल्यामुळे. तर नाही! लंबमज्जा मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर लक्ष ठेवते. तो वाढला की मेंदूभोवतीच्या द्रवाची आम्लता वाढते आणि ‘श्वास घे’ असा तगादा सुरू होतो. ऑक्सिजनची खबर मानेतल्या रोहिणीजवळचे इवलेसे पिंड देतात, पण तो बराच उतरल्यावर. या शोधासाठी कॉर्नेल हेमन्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं.

हे नुसतं पुस्तकी ज्ञान नाही, बरं का. विहिरीवर मुलं पैज लावतात: आधी भराभर श्वास घ्यायचे, मग बुडी मारायची. त्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. मग घुसमट उशिरा जाणवते, आणि त्याआधीच ऑक्सिजन संपून पाण्याखाली शुद्ध हरपते. पट्टीचे पोहणारेही असे गेले आहेत. आज घरी गेल्यावर नातवंडांना एवढं तरी नक्की सांगा.

तेव्हा, श्वास कोण घेतं? मला वाटतं, ‘मी’ म्हणजे फक्त ठरवणारं मन, ही समजूतच अपुरी आहे. आपण झोपतो तेव्हा ते मन रजेवर असतं. तरी सकाळी आपण उठतो, कारण रात्रभर कुणीतरी जागं होतं. तेही आपणच.