फॉर्मवरचं बटण नेमकं कोणासाठी?

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये बिलाचा फॉर्म साधारणपणे दोन टेबलांवर उभा असतो: मुख्य फॉर्मात बिल क्रमांक आणि ग्राहक, उपफॉर्मात मालाच्या ओळी. मुख्य फॉर्मावरचं ‘नवी नोंद’ बटण दाबलं की फोकस मुख्य फॉर्माकडे जातो. म्हणून मालाची नवी ओळ हवी असताना नवं कोरं बिल उघडतं. ओळींसाठीचं बटण उपफॉर्मातच ठेवावं किंवा कोडमध्ये आधी फोकस उपफॉर्माकडे न्यावा. उपफॉर्म डेटाशीट रूपात असेल तर त्यातली बटणं दिसत नाहीत. तिथे सलग फॉर्म वापरावा.

छपाईच्या बटणाची अडचण वेगळी. रिपोर्ट टेबलात जतन झालेलीच माहिती वाचतो. नुकताच केलेला बदल फॉर्मावर दिसत असला, तरी टेबलात पोचलेला नसतो आणि कागदावर जुनाच आकडा येतो. म्हणून छपाईआधी नोंद जतन करणारी आज्ञा द्यावी.

‘बिल काढून टाका’ हे बटण मात्र टेबलांमधल्या नात्यावर अवलंबून असतं. त्या नात्यात संदर्भाची शिस्त (रेफरन्शियल इंटिग्रिटी) लावलेली असेल, तर मालाच्या ओळी शिल्लक असताना बिल पुसलं जात नाही. बिलासोबत ओळीही जाव्यात, ही सवलत विचार करूनच द्यावी.