दातांचा दोष किती?

सकाळी चूळ भरताना पाणी गुलाबी दिसले, तर आपण काय करतो? बहुधा ब्रश बदलतो, किंवा काहीच करत नाही. गुडघ्याला खरचटून तेवढेच रक्त रोज आले असते, तर महिनाभर आपण गप्प बसलो नसतो.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक उथळ खाच असते. तेथे जीवाणूंचा चिकट थर साचत राहिला की हिरडी सुजते, पुढे खाच खोल होते आणि तिचे आतले अस्तर सोलवटते. हाच वाढलेला रोग म्हणजे पायोरिया. अशा रोग्याच्या सर्व दातांभोवतीची सुजलेली जागा एकत्र मांडली, तर ती ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते असा अंदाज आहे. म्हणजे जवळजवळ आगपेटीच्या रुंद बाजूएवढी जखम, आणि तीही जीवाणूंनी भरलेली!

घास चावतानासुद्धा यांतले काही जीवाणू रक्तात शिरतात. निरोगी शरीर थोड्याच वेळात त्यांचा निकाल लावते. पण हृदयाची झडप आधीच खराब असेल, तर ते तिच्यावर ठाण मांडू शकतात आणि मग जिवावर बेतते. म्हणून कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाला दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक दिले जाते. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झालेली असेल, तर शिक्षकांनी ही गोष्ट दंततपासणीला आलेल्या डॉक्टरांच्या कानावर जरूर घालावी.

येथवर मामला स्पष्ट आहे. पुढे मात्र जपून जावे लागते, कारण या वाटेवर वैद्यक एकदा चांगलेच घसरले आहे. १९१० साली विल्यम हंटर या लंडनच्या डॉक्टरांनी माँट्रियल येथील व्याख्यानात तोंडातल्या पुवावर अनेक आजारांचे खापर फोडले. मग संधिवात असो की मनोविकार, दात उपटण्याची लाटच आली. कित्येकांचे धड दात गेले. दुखणे राहिले ते राहिलेच. १९३८ साली सेसिल व अँजेव्हाइन या अमेरिकी डॉक्टरांनी २०० संधिवातग्रस्तांची पाहणी प्रसिद्ध केली. दात काढून फायदा होत नाही, असे तीत दिसले. सेसिल स्वतः पूर्वी दात काढण्याच्याच बाजूचे होते, हे आम्हांला विशेष वाटते.

हृदयविकाराबाबत तोच मोह पुन्हा होतो. हृदयविकाराचा झटका आलेल्यांचे दात इतरांपेक्षा वाईट असतात, असे १९८९ साली फिनलंडमध्ये आढळले. पण तंबाखूचा धूर हिरड्याही बिघडवतो आणि हृदयही. हिरड्यांमुळेच हृदयविकार होतो हे सिद्ध झालेले नाही, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली सांगितले. सहसंबंध आणि कार्यकारण यांतला फरक वर्गात शिकवायला हे उदाहरण फार सोयीचे आहे.

मधुमेहात पुरावा अधिक भक्कम आहे, कारण तेथे उपचार करून पाहिलेले आहेत. साखर वाढलेली राहिली की हिरड्यांची जखम लवकर भरत नाही. उलट सुजलेल्या हिरड्यांतून रक्तात जाणाऱ्या रसायनांमुळे इन्सुलिनचा प्रभाव उणावतो. गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा हिशेब देणारी एचबीएवनसी ही तपासणी आपल्याला माहीत आहे. हिरडीखालचे कीटण खरवडून काढल्यावर तिचा आकडा तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ च्या आसपास उतरतो. चाळिशीतल्या माणसाचे दात हलू लागले, तर दंतवैद्य साखर तपासून यायला सांगतात ते याचसाठी.