बालाचडीचीं मुलें

आईबापांवेगळ्या निर्वासित मुलांचा सांभाळ कोणीं करावा, हा प्रश्न निघाला म्हणजे आम्हांस बालाचडीची आठवण होते. सोव्हिएत सरकारनें 1940-41 मध्यें हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांतील शेंकडों मुलें 1942 सालीं अश्काबाद, मशहद या मार्गानें हिंदुस्थानांत आलीं. कित्येकांचे आईबाप उपासमारीनें व तापानें आधींच गेले होते. नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनीं बालाचडीस समुद्रकांठीं त्यांस आश्रय दिला. खर्चास इतर संस्थानिकांनीं व टाटांसारख्या दात्यांनीं हातभार लावला. मुलें जामसाहेबांस 'बापू' म्हणत. एकदां त्यांनीं पालकाच्या भाजीविरुद्ध संप पुकारला, तेव्हां बापूंनीं ती भाजीच बंद करविली. पालक गेला आणि पालक लाभला, ही कोटी आम्हां जुन्या मास्तरांस आवरत नाहीं!

खरी कसोटी पुढेंच होती. युद्ध संपल्यावर पोलंडांतील नवें कम्युनिस्ट सरकार अनाथ मुलांस परत मागूं लागलें. ज्या सत्तेपायीं घरें उद्ध्वस्त झालीं, तिच्याच छायेंत मुलें धाडावयाचीं काय? तेव्हां जामसाहेब, छावणीचे पोलिश धर्मगुरु फादर प्लुता व एक ब्रिटिश अधिकारी, अशा तिघांनीं मिळून त्यांस कायदेशीर दत्तक घेतलें. आपल्या धर्मशास्त्रांत दत्तक घेतात तो पित्याच्या पिंडाकरितां; येथें तो मुलांच्या रक्षणाकरितां होता.

1946 मध्यें बालाचडीची छावणी उठल्यावर पुष्कळ मुलें कोल्हापुराजवळील वळिवड्यास आलीं. तेथें 1943 पासून सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहत होते. 1948 पर्यंत तीहि छावणी रिकामी झाली. कोणी इंग्लंडास गेलें, कोणी ऑस्ट्रेलियास, कोणी मायदेशीं.