माळरानाला हवा हंगामाचा हिशेब

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील हिवरखेडच्या उत्तरेस सातपुड्याचे डोंगर उभे आहेत आणि दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन पसरली आहे. डोंगर आणि शेती यांच्या मधले गवताळ माळ पडीक समजले जात असले, तरी टिटवी, चंडोल, रातवा, तित्तिर हे पक्षी झाडाचा आधार न घेता तेथेच जमिनीवर अंडी घालतात. टिटवीचे घरटे म्हणजे खडे मांडलेला उथळ खळगा असतो आणि त्यातील मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी पाय पडेपर्यंत दिसत नाहीत; मात्र शत्रूच्या नजरेतून वाचवणारा हा रंग आगीपुढे निरुपयोगी ठरतो.

यांपैकी अनेक पक्ष्यांची वीण उन्हाळ्यात, म्हणजे नेमकी वणव्याच्या दिवसांत असते. मोहफुले वेचणे सोपे जावे किंवा नवे गवत लवकर फुटावे म्हणून लावलेली आग वाऱ्याबरोबर माळावर उतरते. वर जळालेले घाणेरीचे झुडूप बुंध्यातून पुन्हा फुटते, तर उघड्या पडलेल्या जमिनीवर गाजर गवत आणि रानतुळस ही मूळची अमेरिकेतील तणे पवन्या, मारवेल या देशी गवतांची जागा बळकावतात. पुढच्या उन्हाळ्यात वाळलेली घाणेरी नव्या आगीला सरपण पुरवते. पावसाळ्यात गवतावर उड्या घेऊन मादीला साद घालणारा, अकोला-वाशिम भागात नोंदला गेलेला आणि जगभर अतिसंकटग्रस्त ठरलेला तणमोरही त्यामुळे देशी गवताच्या माळाला मुकतो.

म्हणून वणवा आणि तण यांचा बंदोबस्त एकत्र, हंगाम पाहूनच करावा लागतो. आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, म्हणजे जाळरेषा, उन्हाळ्यापूर्वी तयार हवी. गाजर गवत फुलण्याआधी मुळासकट उपटावे, आणि घाणेरी नुसती छाटून न थांबता जमिनीखालच्या मुळाशी तोडून तेथे देशी गवत वाढू द्यावे. वाशिम-अकोला परिसरात ‘संवेदना’ संस्थेच्या सोबतीने, पिढ्यानपिढ्या शिकारीवर जगलेल्या फासेपारधी समाजातील लोकांनी माळ आणि तणमोर राखण्याचे काम हाती घेतले, यावरून पाखरांच्या सवयी जाणणारी माणसेच उत्तम राखणदार ठरू शकतात हे दिसते. हिवरखेड परिसरातील ग्रामसभांनीही मोहाखालचा पाला पेटवण्याऐवजी झाडून गोळा करण्याचा आणि विणीच्या काळात माळावर आग न लावण्याचा ठराव करावा.