दोर सगळ्यांच्या हातात, पण ओढतं कोण? रापणीपासून बचत गटापर्यंत

कुणकेश्वर (ता. देवगड) : गावात मंडळ आहे, सोसायटी आहे, बचत गट आहेत, जत्रेसाठी समिती आहे. कागदावर नावं चाळीस, प्रत्यक्ष कामाला माणसं सहा. ही तक्रार कुठल्याही वाडीत गेलात तरी ऐकायला मिळते. मग "पूर्वीसारखी माणसं रवली नाय" असं म्हणून विषय संपतो. पण माणूस घोळक्यात गेला की त्याचे हात सैल का पडतात, यावर शंभर वर्षांहून जास्त काळ अभ्यास झाला आहे. गंमत म्हणजे त्याची सुरुवात दोर ओढण्यापासूनच झाली. रापण बघितलेल्या माणसाला तो अभ्यास समजायला वेळ लागणार नाही.

रापण म्हणजे काय ते आपल्या किनाऱ्यावर सांगायला नको, तरी आंबोली-दोडामार्गाकडच्या वाचकांसाठी थोडक्यात. होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात. मग दोन्हीकडे माणसं लागून ते दोर एका लयीत ओढतात. एक बाजू मागे पडली की जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. एकट्यादुकट्याचं हे काम नाही, त्याला पंचवीस-पन्नास हात लागतात. म्हणजे "ढिलो सोडलंय तर कोणाक कळतला?" असं वाटायला इथे पुरेपूर जागा आहे.

फ्रान्समध्ये मॅक्सिमिलियाँ रिंगेलमान नावाचे शेतीचे अभियंता होते. शेतकामात माणूस, बैल, घोडा, यंत्र यांपैकी कोण किती ओढतं हे ते मोजत होते. त्यांनी माणसांना आधी एकेकटं आणि मग गटाने दोर ओढायला लावलं. हे प्रयोग 1880 च्या दशकातले, छापून आले 1913 साली. एकट्या माणसाची ओढ शंभर धरली, तर दोघे असताना प्रत्येकाची 93 भरली, चौघे असताना 77 आणि आठजण असताना फक्त 49. म्हणजे आठजण मिळून चार माणसांएवढंच ओढत होते!

आता यात सगळाच आळस नाही. आठ माणसांचा झटका एकाच क्षणी लागत नाही, त्यातही जोर वाया जातो. रिंगेलमान यांचा स्वतःचा भरही या ताळमेळावरच होता. रापणीत आवाज देऊन लय धरतात ती त्यासाठीच. मग खरा आळस किती? ते अमेरिकेत 1974 साली तपासलं गेलं. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला दोरावर सगळ्यात पुढे उभं केलं. मागे बाकीचे ओढताहेत असं त्याला भासवलं, पण खरं तर मागे कोणीच ओढत नव्हतं. तरीही त्याची ओढ पंधरा टक्क्यांच्या आसपास घसरली. ताळमेळाचा तिथे प्रश्नच नव्हता, नुसतं "मागे आसत" एवढं वाटणं पुरलं.

पुढे 1979 साली टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून हेच बघितलं, आणि पुन्हा तेच दिसलं. पण 1981 साली त्याच अभ्यासकांनी एक बदल केला. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय, असं गटातल्या माणसांना सांगितलं. लगेच कसर थांबली. तीच माणसं आणि तेच काम होतं, फरक एवढाच की आपलं काम दिसतंय हे त्यांना कळलं होतं.

म्हणून "माणसंच कामचुकार" हे निदान अर्धवट आहे. कोणाचं काम कोणतं हे न ठरवता सगळ्यांना एकत्र बोलावलं, तर चांगला माणूसही हात राखून काम करतो, आणि बऱ्याचदा ते त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही.

रापणीकडे परत बघा. तिथे कोण कुठल्या दोरावर आहे हे सगळ्यांना दिसतं. होडी आणि जाळ्याचा वाटा वेगळा, ओढणाऱ्यांचा वेगळा. गावागणिक पद्धत बदलते, पण वाटे पडतात ते तिथेच वाळूत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. काम दिसतं आणि मोबदलाही दिसतो. ही व्यवस्था कोणी पुस्तक वाचून बसवलेली नाही.

याच्या उलटं चित्र ग्रामसभेत. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यात जो आकडा कमी तो. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. हे सगळ्यांना माहीत झालंय, त्यामुळे पहिल्या सभेला जायची घाई कोणाला? सातशे-आठशे मतदारांच्या गावात आपण एकटे गेलो नाही तर काय फरक पडतो, हा हिशोब प्रत्येकजण करतो. मग पंधरा-वीस माणसं पाण्याचा आणि रस्त्याचा ठराव करून मोकळी होतात आणि बाकीचे वर्षभर नाक्यावर बोलत बसतात.

बचत गट मात्र बरेच ठिकाणी टिकले, त्यामागेही हेच कारण आहे. गट साधारण दहा ते वीस बायकांचा असतो, त्यामुळे लपायला जागा कमी. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशोब लिहिणं ही 'उमेद'ची पंचसूत्री बहुतेकींना पाठ असते. यातला शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा. हिशोब बैठकीत, सगळ्यांसमोर लिहून वाचून दाखवला, तर कोणाचा हप्ता आला आणि कोणाचा राहिला हे वेगळं विचारावं लागत नाही. जिथे वही अध्यक्षांच्या घरातच राहते आणि सह्या नंतर घेतल्या जातात, तिथे गट नुसता नावाला उरतो. 1993 साली अशा 78 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात बायकांमध्ये ही कसर पुरुषांपेक्षा कमी दिसली. पुरुष मंडळींनी हे मनावर घ्यायला हरकत नाही.

खरं नुकसान होतं ते वेगळंच. नॉर्बर्ट कर या अभ्यासकांनी 1983 साली दाखवलं की जोडीदार जमत असूनही काम करत नाही असं दिसलं, की कामाचा माणूसही हात आखडतो. "मियाच कित्याक मरू?" हा तो प्रश्न. गावची संस्था आळशी माणसांमुळे लगेच बंद पडत नाही. दहा वर्षं राबलेले सेक्रेटरी, खजिनदार एक दिवस वही टेबलावर ठेवून निघून जातात, तेव्हा ती बंद पडते. त्यांच्या जागी यायला मग कोणी तयार होत नाही.

कुणकेश्वरच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला एवढी गर्दी लोटते, देवस्वाऱ्या तीर्थस्नानाला येतात. तिथे "सगळ्यांनी सगळीकडे लक्ष द्या" म्हणून भागणार नाही. दर्शनरांग, पार्किंग, पाणी, किनारा अशी माणसं वाटूनच द्यावी लागतात.

काम दिसायला हवं म्हणजे माणसाची लाज काढायला हवी, असं मात्र नाही. न आलेल्यांची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की भांडण लागतं, आणि पुढच्या वेळी आणखी चारजण कमी येतात. कोणी काय केलं ते लिहावं, कोणी केलं नाही ते आपोआप कळतं. वयस्कर माणसाला गोणी उचलायला लावण्यापेक्षा हजेरी लिहायचं काम द्यावं.

पाऊस ओसरला की व्हाळांवर वनराई बंधारे सुरू होतील. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, माती आणि श्रमदान एवढ्यावर होणारं हे काम. तीस माणसं एकदम व्हाळात उतरली की दहा भरतात, दहा बघतात आणि दहा फोटो काढतात. त्यापेक्षा पाच-सहाजणांच्या टोळ्या कराव्यात. एक टोळी माती भरणार, एक पिशव्या शिवणार, एक वाहणार आणि एक रचणार. कोण कुठल्या टोळीत ते आदल्या रात्रीच सांगावं आणि दुपारी चहाच्या वेळी कुठल्या टोळीचं किती झालं ते मोठ्याने वाचावं. फोटो शेवटी, बंधाऱ्यावर उभं राहून सगळ्यांचा एकत्र.