‘सर, ती गोळी सुटत नाही’

चाकणजवळच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य अगदी शेवटी येतं. आधी कंबर येते, मग झोप, मग पोट साफ होत नाही ही तक्रार. चिठ्ठी खिशात गेली, पैसे देऊन झाले, की उठता उठता माणूस म्हणतो, “सर, अजून एक होतं.” मी त्याला पुन्हा बसायला सांगतो आणि दार लोटून घेतो. बाहेरच्या बाकावर त्याच्याच कंपनीतलं कुणीतरी बसलेलं असण्याची शक्यता इथे फार.

येणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले. लातूर, बीड, बुलढाण्याकडून आलेले. निघोजे, कुरुळी, महाळुंगे भागात चार-पाच जणांत एक रूम करून राहणारे. ठेकेदारामार्फत लाइनवर लागलेले. दिवसभर उभं राहून पार्ट उचलायचे, वर ओटी. कंबर धरली की रूम पार्टनर स्वतःच्या पाकिटातली ट्रामाडॉलची कॅप्सूल काढून देतो. दुखणं थांबतं, शिवाय अंगात तरतरी येते, नाइटला डोळा लागत नाही. घात होतो तो या दुसऱ्या गुणामुळे. ट्रामाडॉल हे अफूच्या कुळातलं, कारखान्यात बनणारं औषध. शरीर त्याला सरावतं आणि दोनाच्या आठ कधी होतात ते कळत नाही. एक जण मला म्हणाला होता, “आता घेऊन काही वाटत नाही सर, नाही घेतली की मरायला होतं.” इतकं नेमकं वर्णन मला पुस्तकातही सापडलेलं नाही.

मी पहिला प्रश्न विचारतो तो ‘शेवटची कधी घेतली?’ हा. किती घेता हे आधी विचारलं तर आकडा निम्म्यावर येतो. मग पाकीट दाखवायला सांगतो. पन्नास मिलिग्रॅमच्या आठ म्हणजे दिवसाला ४००, आणि त्याच्या वर गेलं की फिट येण्याचा धोका वाढतो. प्रेस मशीनवर काम करणाऱ्याला फिट आली तर काय होईल, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या आहेत का, हे मात्र खोदून विचारतो, कारण ते मिश्रण श्वास थांबवतं. बोलता बोलता मी बघत असतो: बाहुल्या मोठ्या झाल्यात का, जांभया, गळणारं नाक, हातावरचा काटा, स्थिर न राहणारे पाय. गोळी तुटल्यावर दिसणारी अशी अकरा लक्षणं मोजून गुण द्यायची एक ठरलेली पद्धत आहे. नाडी धरलेली असली की माणूस जास्त खरं बोलतो, हा माझा स्वतःचा अनुभव.

यानंतर त्याची भीती बाहेर पडते. कंपनीला कळेल का? पोलीस पकडतील का? ट्रामाडॉल २०१८ पासून एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे, त्यामुळे भीती अगदीच बिनबुडाची नाही. पण त्याच कायद्याच्या ६४अ कलमात, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या खटल्यातून संरक्षण आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयतेचा हक्कही दिलाय. हे मी सावकाश सांगतो. ठेकेदाराला माझ्याकडून काहीही कळणार नाही, हेही सांगतो.

‘आजपासून बंद’ असं मी कुणाला म्हणत नाही. मात्रा कमी असेल तर आठवड्यागणिक उतरवत नेतो. पाकीट बायकोकडे किंवा भरवशाच्या पार्टनरकडे ठेवायला लावतो आणि कंबरेवरचा खरा उपचार त्याच दिवशी सुरू करतो. दुखणं तसंच राहिलं तर गोळी परत येणारच. मात्रा मोठी असेल तर ब्युप्रेनॉर्फिन हवं. जिभेखाली ठेवायची ही गोळी शरीरात ट्रामाडॉलच्याच जागी बसते, तडफड थांबवते, पण एका मर्यादेपुढे तिची नशा चढत नाही. ती घाईनं दिली तर उलट त्रास उसळतो, म्हणून लक्षणं सुरू होईपर्यंत थांबावं लागतं. फ्रान्समध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यापासून फॅमिली डॉक्टर हे औषध लिहून देतात आणि तिथले ओव्हरडोसचे मृत्यू पुढच्या काही वर्षांत खूप घटले. आपल्याकडे ते व्यसनमुक्ती केंद्रात किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे मिळतं. माझ्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणता येत नाही. ज्या खुर्चीत बसून त्यानं मदत मागितली तिथेच ती मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं. प्रशिक्षण द्या, नोंदवही तपासा, पण हे औषध आमच्या हातात द्या.

तोवर चिठ्ठी लिहायची. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. येरवड्याला मुक्तांगण आहे. अनिल आणि अनिता अवचटांनी १९८६ मध्ये पुलंच्या देणगीच्या बळावर ते उभं केलं, तेही गर्दच्या म्हणजे अफूच्याच विळख्यात सापडलेल्या पोरांसाठी. तिथला कार्यक्रम पस्तीस दिवसांचा. कंत्राटी कामगार पस्तीस दिवस गेटवर दिसला नाही तर त्याच्या जागी दुसरा उभा असतो. म्हणून आधी बाह्यरुग्ण उपचारांचा मार्ग शोधतो. या पट्ट्यात अनेकांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशीची वेळ मी त्याच्यासमोरच फोन करून ठरवतो. “जाऊन या” एवढंच म्हटलं तर माणूस सहसा जात नाही.

निघताना दोन गोष्टी बजावतो. काही आठवडे गोळी सुटली आणि मग एका रात्री जुन्या मात्रेनं घेतली, तर जीव जाऊ शकतो, कारण शरीराची सवय उतरलेली असते. आणि पुन्हा घेतली गेली तरी लपवायचं नाही, माझ्याकडेच यायचं. केस पेपरवर मी पुढची तारीख तीन दिवसांनंतरची लिहितो, कारण अंगाची ओढाताण साधारण तेव्हा सगळ्यात जास्त असते. कामावरून सुटायला उशीर झाला तर रात्री दहापर्यंत दवाखाना उघडा आहे, हेही त्याच कागदावर खाली लिहून देतो.