वाळवीची राणी : जननसंस्था व शुक्रसंचय

वाळवीच्या वसाहतीतील पूर्ण वाढ झालेल्या प्रजननक्षम मादीस राणी म्हणतात. विदर्भात वाळवीस उधई असेही नाव आहे. फिकट रंग, लहान आकारमान आणि संघटित जीवन यांमुळे वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणण्याचा प्रघात पडला. परंतु मुंगीशी तिचे जवळचे नाते नाही. मुंग्या, मधमाश्या व गांधील माश्या हायमेनॉप्टेरा गणात मोडतात. वाळवीचा पूर्वी आयसॉप्टेरा हा स्वतंत्र गण मानीत असत. आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासाने तिचे मूळ झुरळांच्याच वंशात असल्याचे दिसून आल्यावर, विशेषतः २००७ नंतर, तिचा समावेश झुरळांच्या ब्लॅटोडिया गणात करण्यात येऊ लागला. मुंगी व वाळवी यांतील हा भेद बाह्य रूपापेक्षा राणीच्या जननसंस्थेत व तेथील शुक्राणूंच्या साठ्याच्या पद्धतीत अधिक स्पष्टपणे दिसतो. वाळवीच्या वारुळात राणीबरोबर राजाही का असतो, याचे उत्तर या रचनेतच सापडते.

वारुळाचे स्थान : दख्खनच्या पठारावरील वाशीम जिल्ह्यासारख्या प्रदेशात बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी जमीन आणि टेकड्यांच्या उतारावरील हलकी, मुरमाड जमीन असे दोन्ही प्रकार आहेत. शेताचे बांध, पडीक रान, गवताळ माळ आणि जुन्या झाडांचे बुंधे या नांगर न पोहोचणाऱ्या जागी मातीची उभी, कंगोरेदार वारुळे दिसतात. वारुळे मुंग्यांनी बांधलेली असतात आणि त्यांत नाग राहतो, असा लोकांत समज आहे; नागपंचमीस वारुळाची पूजाही केली जाते. प्रत्यक्षात ही वारुळे वाळवीची असतात व ती ओस पडल्यावर किंवा त्यांच्या कडेच्या पोकळ्यांत साप, सरडे इत्यादी प्राणी आश्रय घेतात. भारतात अशी वारुळे करणारी सर्वांत परिचित जाती ओडोंटोटर्मिस ओबेसस ही होय. तिच्या वारुळात कवकाचे मळे असतात आणि त्यांच्या जवळच जाड, कठीण मातीची राजकोठडी असते. या कोठडीचा तळ सपाट व छत कमानदार असते. कोठडीच्या भिंतींतील बारीक छिद्रांतून कामकरी वाळव्या ये-जा करतात. राणीस मात्र त्यांतून बाहेर पडता येत नाही.

राणीची घडण : पावसाळ्याच्या आरंभी, पहिल्या चांगल्या सरींनंतर, वारुळातून पंख असलेले नर व माद्या मोठ्या संख्येने बाहेर पडतात. दिव्याभोवती जमणाऱ्या या किड्यांनाही लोक पंख फुटलेल्या मुंग्या समजतात. त्यांपैकी बहुतेक पक्षी, बेडूक, पाली व वटवाघळे यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. जमिनीवर उतरल्यावर त्यांचे पंख मुळाजवळून तुटतात; मादी पुढे व नर तिच्या मागे असे जोडीने चालत जाऊन ती जागा शोधतात आणि मातीत लहानशी कोठडी खणून स्वतःस आत कोंडून घेतात. मीलन या उड्डाणात होत नाही. ते बंद कोठडीत, घर वसविल्यावर होते. पहिली अंडी थोडी असतात. पहिल्या पिलांचे संगोपन आईबाप दोघे मिळून करतात. या काळात त्यांना बाहेरचे अन्न मिळत नाही. उड्डाणाचे निरुपयोगी झालेले स्नायू व शरीरातील वसा यांवर त्यांची गुजराण होते.

पहिले कामकरी मोठे होऊन चारा आणू लागले म्हणजे राणीचे पोट वाढू लागते. पंख गळाले त्या वेळी सु. १ सेंमी.हून थोडी लांब असणारी ओडोंटोटर्मिस ओबेससची मादी पुढे ५ सेंमी.हून अधिक लांबीची होते. तिचे डोके व वक्ष मात्र पूर्वीइतकेच राहतात. उदराच्या खंडांवरील कठीण पट्टही वाढत नाहीत. त्यांना जोडणारी मऊ पटले वाढतात व ताणली जातात. त्यामुळे फुगलेल्या पांढरट उदरावर हे तपकिरी पट्ट एकमेकांपासून दूर गेलेल्या आडव्या रेघांसारखे दिसतात. ही केवळ ताणल्यामुळे होणारी वाढ नसून उपत्वचेची भरही तीत असते. प्रौढ कीटकाने कात न टाकता अशी वाढ करणे ही कीटकवर्गात विरळा आढळणारी गोष्ट आहे. राजाचे आकारमान मात्र फारसे बदलत नाही व राणीजवळ तो अगदीच लहान दिसतो.

अंडाशय व अंडवाहिन्या : राणीच्या उदराचा बहुतेक भाग दोन अंडाशयांनी व्यापलेला असतो. प्रत्येक अंडाशय अनेक समांतर अंडनलिकांचा बनलेला असतो. आदिम कुलांतील राण्यांमध्ये या नलिका थोड्या असतात, तर वारूळ बांधणाऱ्या, कवक वाढविणाऱ्या वाळव्यांच्या पूर्ण वाढलेल्या राणीत त्यांची संख्या प्रत्येक अंडाशयात शेकड्यांपासून दोन हजारांहून अधिक असू शकते. अंडनलिकेच्या टोकाकडे अपक्व अंडकोशिका असतात आणि मुळाकडे येताना त्या क्रमाने मोठ्या होत जातात. झुरळाप्रमाणेच वाळवीच्या अंडनलिकेत अंडकोशिकेला पोसणाऱ्या वेगळ्या पोषक कोशिका नसतात. मधमाशी व मुंगी यांच्या अंडनलिकांत त्या असतात. वाळवीत पीतकाची प्रथिने वसापिंडात तयार होऊन रक्तद्रवातून अंडकोशिकेपर्यंत पोहोचतात. राणीचा वसापिंड त्यासाठी विशेष रूपांतरित झालेला असतो. तो अन्न साठविण्याऐवजी प्रथिने निर्माण करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर करतो.

दोन्ही अंडाशयांतून येणाऱ्या पार्श्व अंडवाहिन्या एकत्र येऊन मध्यवर्ती अंडवाहिनी बनते व ती जननकोष्ठात उघडते. हा कोष्ठ उदराच्या सातव्या खंडाच्या मोठ्या अधरपट्टाने खालून झाकलेला असतो. पंख असलेल्या वाळव्यांत मादी ओळखण्याची सोपी खूण हाच वाढलेला पट्ट होय. अंडी घालण्याची लांब नळी वाळवीत नसते. फक्त उत्तर ऑस्ट्रेलियातील मॅस्टोटर्मिस डार्विनिएन्सिस या आदिम जातीत तिचे अवशेष व झुरळासारखी अंड्यांची जुडी घालण्याची सवय टिकून आहे.

शुक्रग्राहिका : जननकोष्ठाच्या वरच्या भिंतीत, आठव्या खंडाच्या भागात, शुक्रग्राहिका उघडते. नराकडून मिळालेले शुक्राणू साठविण्याची ही पिशवी होय. वाळवीत ती बहुधा लांबट, नळीसारखी व वाकलेली असते. तिची आतील बाजू उपत्वचेने मढविलेली असून भिंतीतील ग्रंथिकोशिकांचा स्राव आत साठलेल्या शुक्राणूंना मिळतो. मागील बाजूस साहाय्यक ग्रंथींची जोडी असते. अंडे जननकोष्ठातून जात असताना त्याच्या कवचातील सूक्ष्मद्वारांतून शुक्राणू आत शिरतो व निषेचन होते. प्रचंड अंडाशयांच्या मानाने ही पिशवी फारच लहान असते.

वाळवीचे शुक्राणूही इतर कीटकांहून वेगळे आहेत. बहुतेक कीटकांच्या शुक्राणूंना पोहण्यासाठी एक लांब शेपूट असते. मॅस्टोटर्मिसच्या शुक्राणूस जवळजवळ शंभर शेपट्या असतात. इतर बहुतेक वाळव्यांच्या शुक्राणूंना शेपूट नसते आणि ते स्वतः हालचाल करू शकत नाहीत. त्यांचा प्रवास जननमार्गाच्या स्नायूंवर व द्रवावर अवलंबून राहतो. नरास बाह्य मैथुनेंद्रियही नसते किंवा असल्यास अगदी अविकसित असते.

मुंगी व मधमाशी यांच्याशी तुलना : मधमाशीची राणी आयुष्याच्या आरंभी काही दिवसांतच एक किंवा अधिक उड्डाणे करून अनेक नरांशी समागम करते आणि साधारणपणे पन्नास लाख शुक्राणू शुक्रग्राहिकेत साठविते. नर समागमानंतर मरतात. राणी मात्र काही वर्षे त्याच साठ्यावर अंडी घालीत राहते. काही मुंग्यांत हा काळ दशकांचा असतो. लेझियस नायगर या जातीची एक राणी बंदिवासात सु. २८ वर्षे जगल्याची नोंद आहे. अशा राण्यांची शुक्रग्राहिका म्हणजे आयुष्यभराची शिदोरी होय. त्यांच्यात निषेचित अंड्यापासून मादी व अनिषेचित अंड्यापासून नर होतो. त्यामुळे साठा संपला तरी अंडी घातली जातात, परंतु त्यांतून नरच निपजतात आणि पोळे मोडते.

वाळवीत नर व मादी दोन्ही निषेचित अंड्यांपासून होतात. कामकरी व सैनिकही दोन्ही लिंगांचे असतात. म्हणून जवळजवळ प्रत्येक अंड्यास शुक्राणू लागतो. मोठ्या वारुळातील राणी दिवसाकाठी हजारो अंडी घालते. सेकंदास एक अंडे हा वेग धरल्यास दिवसाची संख्या ८६,४०० होते. लहान शुक्रग्राहिकेत एकदाच भरलेला साठा अशा मागणीस वर्षानुवर्षे पुरणे शक्य नाही. येथे शुक्रग्राहिका ही दीर्घकाळची कोठी नसून दोन समागमांमधील अवधी भरून काढणारे साधन आहे. राजा राजकोठडीत राणीजवळ आयुष्यभर राहतो व वारंवार समागम करून साठा भरीत राहतो. मुंगीच्या राणीचा नर तिच्या देहातील शुक्राणूंच्या रूपानेच उरतो. वाळवीच्या राणीचा नर प्रत्यक्ष जवळ असतो.

या नियमाला अपवादही आहेत. जपानमधील रेटिक्युलिटर्मिस स्पेरेटस या जातीची राणी आपली जागा घेणाऱ्या राण्या अनिषेकजननाने निर्माण करते, असे २००९ मध्ये दिसून आले. कामकरी मात्र निषेचित अंड्यांपासूनच होतात. त्याच देशातील ग्लिप्टोटर्मिस नाकाजिमाय या जातीच्या काही वसाहतींत एकही नर नसल्याचे व राण्यांच्या शुक्रग्राहिका रिकाम्या असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. वारूळ बांधणाऱ्या भारतीय जातींचा नेहमीचा क्रम मात्र राजा-राणीच्या जोडीचाच आहे.

अभ्यासाचा इतिहास : वाळवीच्या राणीचे शास्त्रीय वर्णन अठराव्या शतकात सुरू झाले. योहान गेरहार्ट कोनिग यांनी दक्षिण भारतातील वाळवीची माहिती १७७९ मध्ये प्रसिद्ध केली, तर हेन्री स्मीथमन यांचा आफ्रिकेतील वाळवीवरील वृत्तांत लंडनच्या रॉयल सोसायटीने १७८१ मध्ये छापला. भारतात मिथन लाल रूनवाल यांनी वाळवीच्या अभ्यासाचा पाया विस्तृत केला. ओडोंटोटर्मिस ओबेससच्या एका कोठडीत दोन राजे व दोन राण्या आढळल्याची नोंद त्यांनी एस. डी. गुप्ता यांच्यासह १९५२ मध्ये केली. त्यामुळे एका वारुळात नेहमी एकच जोडी असते हे गृहीत अपुरे ठरले. रूनवाल व ओ. बी. छोटानी यांचा भारतीय वाळव्यांवरील ग्रंथाचा पहिला खंड १९८९ मध्ये व छोटानी यांचा दुसरा खंड १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

शेतीतील महत्त्व : गहू, हरभरा, कापूस, फळझाडांची रोपे तसेच घरातील लाकूड यांना वाळवीचा उपद्रव होतो. वारूळ खणून राणी काढली की वाळवी संपली, अशी शेतकऱ्यांत समजूत आहे. ती अंशतःच खरी आहे. राणी गेल्याने अंडी थांबतात. पण असलेले कामकरी लगेच मरत नाहीत व आधीची अंडी आणि पिले वाढत राहतात. कोठडीत दुसरी राणी असू शकते आणि काही जातींत वसाहतीतील इतर व्यक्ती प्रजननक्षम होऊन मृत जोडीची जागा घेतात. म्हणून खणताना राजकोठडी अखंड मिळवून राजा व राणी दोघांचा नाश होणे महत्त्वाचे असते. एका बाजूस दडलेला लहान राजा सहज नजरेतून सुटतो. याउलट मायक्रोटर्मिस ओबेसी यांसारख्या जाती वारूळ न बांधता जमिनीखाली विखुरलेल्या पोकळ्यांत राहतात. त्यांची राणी शोधून काढणे व्यवहार्य नसते. बांधावरचे वारूळ मोडूनही शेतातील नुकसान चालूच राहण्याचे हे एक कारण होय.

दुसऱ्या बाजूने, वाळेल ते गवत, पाला व लाकूड मातीत मिसळणे, खालची माती वर आणणे आणि पाणी मुरण्यास वाटा करणे ही वाळवीची कामे कोरडवाहू जमिनीस उपकारक असतात. कारंजा-सोहोळसारख्या काळविटांच्या गवताळ अभयारण्यात किंवा पडीक माळावर, जेथे पिकास धोका नाही, तेथील वारूळ मोडण्याचे कारण नाही. पिकाजवळील वारूळ मोडायचे झाल्यास, त्यातील संततीचा उगम एका राणीत नसून सहवासात राहणाऱ्या जोडीत आहे, हे ध्यानात घेऊनच ते काम करावे लागते.